एका कार्डावर

युनियनचं पुस्तक बत्तीस पानांचं.
आमच्या टोलीत सातवी शिकलेली मी एकटी,
म्हणून गजभिये ते माझ्या सुपात ठेवून गेला,
"बाई, बायांना समजावून सांगा."

मी सांगितलं.
जर्द्याच्या वासात, कैच्यांच्या आवाजात सांगितलं:
दहा वर्षं भरलेली पाहिजेत,
वय अठ्ठावन्न,
मजुरीतून कापले ते पैसे बुडाले नाहीत,
ते कुठेतरी तुमच्या नावानं बसून आहेत,
म्हातारपणी पायी पायी घरी येतात.
पुस्तकात असं नव्हतं लिहिलं,
पण बायांना त्यानंच समजलं.

"नावानं" हा शब्द मी जरा हळू वाचला.

कारण झेलनबाई रहांगडालेच्या कार्डावर
सव्वीस वर्षं आम्ही दोघी.
मी बालाघाटकडून लग्न होऊन आले त्या साली
मुनीमनं नवी कार्डं बंद केली होती.
ती म्हणाली, बस माझ्या बाजूला.
रोजच्या हजार बिड्या:
पाचशे तिच्या, पाचशे माझ्या.
तिला ताप आला की सातशे माझ्या,
माझा दिनेश झाला तेव्हा महिनाभर सगळ्याच तिच्या.
छाट निघाली तर ती कोणाची
हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.
त्यावरून दोनदा अबोला.

तिचा फॉर्म मीच भरला.
रहांगडाले चौकटींत मावेना,
"ले" बाहेर राहिला.
माझं नाव आखूड आहे,
कुठंही मावलं असतं.

दवाखान्याचं पान सतरावं.
आश्रित म्हणजे नवरा, मुलं, आईबाप.
"पुना वाच."
नवरा, मुलं, आईबाप.
"शेजारीन नाई का त्यात?"
नाही.
"पलटून पाय, मांगं असंल."
पलटलं.
मागं छापखान्याचं नाव
आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
तिरोड्याला गेलो, दोघींचं अर्धं तिकीट.
मशीनवर तिनं अंगठा ठेवला. लाल.
लुगड्याला पुसून ठेवला. लाल.
सव्वीस वर्षं पानं वळता वळता
अंगठ्याच्या रेषा कोणत्या कट्ट्यात बांधल्या गेल्या
ते कोण सांगणार.
पोरगा म्हणाला, दुसरं बोट द्या, आजी.
तिनं माझा हात धरला नि पुढं केला,
"हिचं घे. अर्ध्या बिड्या हिच्याच होत्या."
पोरगा हसला. मीही हसले.
माझी बोटं तरी कुठं उमटली असती!
मग डोळ्यांवर काम झालं.
डोळे तेवढे आमचे वेगळे निघाले.

आता येतात पैसे. महिन्याला हजार सत्तर.
पाचशे ती माझ्या सुपात टाकते,
काही न बोलता, वर बघतही नाही.
आणि वरचे सत्तर?
"छाट समज," म्हणते, नि कनवटीला लावते.

बुधवारी युनियनच्या दवाखान्यात
ती डॉक्टरसमोर बसून
माझा खोकला खोकते.
आधी कोरडा, एकदाच.
मग लागोपाठ तीन.
मग श्वास ओढते, अगदी मी ओढते तसा.
भिंतीपल्याडून इतक्या रात्री ऐकलाय तिनं,
कुठं चुकत नाही.
डॉक्टर नळी लावून म्हणतो,
छाती तर साफ आहे, आजी.
"रातीचं होते," ती म्हणते.

औषधाची बाटली पदराखाली धरून आणते,
जशी चोरून आंबा आणावा पोरीनं.
बाटलीवर तिचं नाव.
"ले" याही वेळी बसलेला नाही.
खाली लहान अक्षरात
दोन चमचे, जेवणानंतर.
तेवढं मला वाचता येतं.