बी-सत्तावीस

पहाटे साडेतीनला पाठ मला उठवते.
कूलर चालू, मुलगा झोपलेला,
आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी
ओल्या वाळूची पोती ठेवून गेलेलं.
पडून राहिलं की वाढतं. चाललं की कमी.
गोळीबार चौकापर्यंत जाऊन येते,
तिथली कुत्री आता भुंकत नाहीत.

बाबा पण असेच फिरायचे.
नथ्थू पौनीकर, तांडापेठ, खड्ड्याचा माग.
चाळिशीतच मान वळेना,
हाक मारली की अख्खे वळायचे, कपाटासारखे.
"मागानं वाकवलं मले," म्हणायचे,
"पोट्ट्यांनी खड्ड्यात पाय टाकायचा नाही."
एका उन्हाळ्यात माग विकला,
फणी, धोटा, सगळं,
जळणाच्या भावात.
त्या रात्री आई जेवली नाही.

मी पाय टाकला नाही.
मी सीताबर्डीला चष्म्याच्या दुकानात असते,
लोकांना ओळी वाचायला लावते.
एकदा माझाच डोळा लाल झाला, उजेड टोचायचा,
थेंब घातले, गेला.
पाठीला सगळे म्हणाले, बाळंतपणाचं आहे.
सहा वर्षं बाळंतपणाचं होतं.

मग मेडिकलमधल्या खोब्रागडे बाईंनी
डोळा आणि पाठ एकाच कागदावर लिहिली,
मधे एक रेघ ओढली,
रक्त पाठवलं.
एचएलए बी-सत्तावीस. पॉझिटिव्ह.
"आतली सूज," त्या म्हणाल्या.
"फाटलेलं काही नाही, तरी शरीर रफू करत सुटतं,
आणि मणक्याला मणका शिवून टाकतं."

बाबांचा एक्सरे नेला होता,
पत्र्याच्या पेटीतला, कडा चिकटलेला.
त्यांनी खिडकीच्या काचेवर धरला.
बाहेर शेहेचाळीस डिग्री,
सगळं ऊन बाबांच्या हाडांतून आत आलं.
बांबू. पेराला पेर जुळलेलं.
"हे मागाचं काम नाही."

मागाचं काम नाही.
कुणाला सांगू? बाबा गेले,
माग कुणाच्या तरी चुलीत गेला.

किनारीची पुठ्ठ्याची कार्डं आठवतात,
भोकं पाडलेली, दोरीत ओवलेली.
एक भोक भलतीकडे पडलं
की दर चार बोटांवर तेच फूल तिरपं.
बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, डिझाइन आहे.
बाईही साधारण तेच म्हणाल्या:
हीच खूण काही विषाणूंशी चांगली झुंजते म्हणे,
आणि ती घेऊन पुष्कळ जण
म्हातारपणीही वाकून चपलेचा पट्टा लावतात.

मुलगा नऊ वर्षांचा. अर्धी शक्यता.
त्याचं रक्त पाठवायचं का, विचारलं.
"दुखतंय का त्याला?"
नाही.
"मग खेळू द्या."

खड्डा बुजवला तिथे आता वॉशिंग मशीन आहे.
आज पहाटे फरशीवर हात ठेवला,
म्हटलं, तुही चूक नव्हती.

"कोणाशी बोलून राह्यली?" आतून मुलगा.
कोणाशी नाही. झोप.
आणि तो झोपला, कुशीवर,
गुडघे हनुवटीला लावून,
पाठीची पूर्ण कमान करून.