प्रश्न सातवा

सावर्डे तिस्कावर बस सोडते.
पिशवीत तीच यादी, एकशे बारा नावं,
एकोणीस वर्षांपूर्वी माझ्याच अक्षरात उतरवलेली.
तेव्हाच्या लाल बोटाचा ठसा
पहिल्या पानाच्या कोपऱ्यात अजून आहे.

प्रश्न जुनेच ठेवायचे, वरून ताकीद आहे.
एक शब्दही हलला तर तुलना जुळत नाही.
‘गेल्या बारा महिन्यांत तुमच्या छातीत कधी
शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला का?’

तेव्हा हसले होते लोक.
शाणू वेळीप केबिनमधूनच ओरडला होता,
‘बाय, शिट्टी ट्रकाक आसा, आमकां ना!’
दिवसाला सात फेऱ्या, खाणीवरून थेट कापशें जेटी,
आणि ताडपत्रीखालून निसटलेली माती
कौलांवर, काजूच्या मोहरावर,
पिएदादबायच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
एवढ्या धुळीत ‘होय’ निघाले फक्त नऊ.
की नऊ जणांनीच सांगितलं?
दमेकरी म्हटलं की ड्रायव्हरची गाडी जायची
आणि मुलीचं ठरलेलं लग्न.

आता ट्रक उभेच.
स्टिअरिंगवर रानवेल चढलेली.
मला वाटलं होतं, मी तसं कुणाला बोलले नाही,
पण वाटलं होतं, की आता नाकं मोकळी झाली असतील.

शाणू दार उघडतो ते टॉवेल नाकाशी धरून.
सकाळच्या अकरा शिंका. मोजलेल्या.
तिसऱ्या शिंकेला बायको आधण ठेवते,
अकराव्याला कप हातात.
‘घड्याळ कित्याक जाय?’ ती म्हणते,
आणि हसते, आणि मग हसत नाही.

पिएदादबायचा जावई कायतान
बोटीवर नऊ महिने असतो. एक शिंक नाही.
घरी, स्वतःच्या पैशांच्या स्लॅबखाली,
पडदे, एसी, गालिचा, मांजर,
पहिल्या रात्रीपासून नाक गळायला लागतं.
‘घर म्हाका वळखना,’ म्हणतो.
पिएदादबाय जुन्या खिडक्यांबद्दल काही म्हणत नाही.
नुसती भिंतीवरची बुरशी ओल्या फडक्याने पुसत राहते.

प्रत्येकाचा आरोपी वेगळा.
कुणाला डंपावर लावलेला अकेशिया, त्याचा पिवळा फुलोरा,
कुणाला उदबत्ती, कुणाला कोंबडीचं खाद्य,
शेवंती गावड्याला नवी सून.
वजनकाट्यावरचे केणी, निवृत्त,
चष्मा पुसून सांगतात,
‘काही वाढलं-बिढलं नाही हो. डॉक्टर वाढले.
काटा बसवल्यावरच ओव्हरलोड सापडतो.’
सांगताना दोनदा थांबतात, श्वासासाठी.
मी सातव्यापुढे त्यांचं ‘नाही’ लिहिते.
लिहायचं तेच, जे माणूस म्हणतो.

‘का’साठी फॉर्मात रकाना नाही.
तेवीस नावांवर काट मारली.
ती कशाने गेली, तेही विचारायचं नाही,
पण एका अंगणात न विचारता सांगितलं,
आणि मी पेन मिटवून ऐकत बसले.

उन्हं उतरता उतरता बेरीज : एकतीस.
नऊचे एकतीस, आणि माणसं कमी.
उद्या पणजीत कुणीतरी याची रेघ काढील,
रेघ वर जाईल, आणि खाली छोट्या अक्षरांत
लिहिलेलं असेल, कारणे अस्पष्ट.

पहिल्या खेपेला, चोवीस वर्षांची मी,
सराव म्हणून रात्री आरशासमोर
सातवा प्रश्न स्वतःलाच विचारला होता.
‘नाही,’ म्हणाले होते, खणखणीत.
आज पिशवीत यादीखाली निळा पंप आहे.
तो बेरजेत येत नाही.
विचारणाऱ्याचं नाव यादीत नसतं.

कुडचड्याची शेवटची बस भरलेली.
मी दांड्याला धरून उभी.
कुठेतरी बारीक शिट्टी वाजते,
आणि मी आधी स्वतःच्या छातीकडे बघते,
मग दारातल्या कंडक्टरकडे.