फौजदार

आणला तेव्हा नखाएवढा होता.
शाईत बुडवून काढल्यासारखा निळा,
शेपटीला हळदीचं बोट लागलेलं.
चार वर्षांत चार बोटं झाला
आणि तीन फुटी काचेच्या समुद्राचा फौजदार.

समुद्र म्हणजे काय,
खडकवासल्याचं पाणी, गाळून पुन्हा गाळलेलं,
त्यात पिशवीतलं मीठ
बादलीत लाकडी पळीनं ढवळलेलं.
मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, तेवीस वर्षं;
घनतामापी बुडवल्याशिवाय आमटीसुद्धा चाखत नाही
असं उज्ज्वला म्हणते.
धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर
समुद्र इतपतच जमतो.

आधी त्यानं कोळंबी संपवली,
तिचं कवच रिकाम्या बाहीसारखं वर तरंगत आलं.
मग पट्टेवाल्या जोडीतल्या धाकटीचा पर फाडला.
ती पंपाच्या मागे, कोपऱ्यात,
डोकं वर शेपटी खाली
उभी राहायला शिकली.
"एकाला काढा," उज्ज्वला म्हणाली,
"नाहीतर एकेक करून सगळे काढावे लागतील."

म्हणणं सोपं.
स्टुलाचा पाय फरशीवर घासला
की त्याला कळायचं.
जाळी ओली व्हायच्या आत तो दगडांच्या मागे.
दगड हलवावेत, तर ते चार वर्षांत
एकमेकांना धरून भिंत झालेले.
दोन लिटरची बाटली कापली, मान उलटी खुपसली,
आत खाऊ ठेवला. नऊ दिवस.
सगळे आत जाऊन आले, गोगलगायसुद्धा.
तो बाहेर उभा,
पंचनामा करत.

एका रात्री दीड वाजता
बॅटरीला लाल जिलेटिन लावून
माझ्याच बैठकीत चोरासारखा बसलो.
तो फटीत आडवा, झोपलेला,
निळा उतरून राखाडी,
कुणीही असावं तसा.
त्या रात्री जाळी खुंटीवरच राहिली.

गुरुवारी दहाला वीज गेली, नेहमीप्रमाणे.
पंप थांबला की आमचं घर केवढं मोठं होतं,
खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टीसुद्धा
लांबून आल्यासारखी वाटते.
मी बाही वर केली.
उजव्या चिमटीत कोळंबीचा तुकडा, रोजचा.
तो आला.
आधी चावला, रोजच्यासारखा, अंगठ्याच्या कडेला,
मग खायला लागला.
उजवा हात भरवत होता.
डावा, श्रीखंडाचा डबा घेऊन,
खालून वर येत होता.
या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये म्हणतात,
ते दानाबद्दल.

झाकणाला सुईनं भोकं पाडली,
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये डबा.
स्वारगेटच्या सिग्नलला नव्वद सेकंद.
आतून टक. मग बराच वेळ काही नाही.
मग टक.
शेजारच्या रिक्षातल्या बाई म्हणाल्या,
"सांडतंय हो तुमचं काहीतरी."

कुऱ्हाड्यांनी त्याला पिशवीत उलटा केला, उजेडाकडे धरला.
"भारी आहे. का देताय?"
मारकुटा आहे, म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, जागा कमी पडते.
बदल्यात त्यांनी एक गोगलगाय दिली,
ती मी खिशात हात ठेवून सांभाळत आणली.

तीन दिवस कुणीच बाहेर आलं नाही.
खाऊ तळाशी जाऊन मऊ पडला.
चौथ्या दिवशी धाकटी पंपामागून निघाली,
फाटका पर सावरत, तिरकी तिरकी,
आणि त्याच्या फटीच्या तोंडाशी
जाऊन थांबली.
मी हात घातला तर पळाली.

पुढच्या गुरुवारीही दहाला वीज गेली.
अंगठ्याच्या कडेची खूण भरत आलीय.
डबा गॅलरीत पालथा आहे,
आत अर्ध्यावर मिठाची एक पांढरी रेघ.
तीनदा घासूनही जात नाही, उज्ज्वला म्हणते,
टाकून देऊ का?

असू दे, म्हटलं.