दुसऱ्यांदा ओतताना

हेमराज बारापात्रेच्या तीनचाकीचं
हातपॅडलखालचं ब्रॅकेट तुटलं
गोळीबार चौकात, सिग्नल हिरवा असताना.
कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली.
इतवारीच्या भंगारात दोन दिवस फिरलो,
आणि मग मी म्हणालो, ओतू या.

"काहून बे," तो म्हणाला, "तुह्या मोरीत?"

मोरीत नाही, मागच्या अंगणात,
जिथे कूलर डिसेंबरात
पोतं पांघरून बसलेला असतो.
त्याचीच मोटर काढली, भट्टीला वारा द्यायला.
भट्टी म्हणजे रंगाचा डबा, आतून चिकणमाती.
मूस म्हणजे आग विझवायच्या नळकांड्याचं बूड;
यावर सुलभा दोन दिवस हसत होती.

थर्माकोल आला शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजसोबत.
तार तापवून कापत गेलो.
पांढरा भुगा माझ्या भुवयांवर, हेमराजच्या चहात.
तुटक्या तुकड्याला व्हर्नियर लावायचं,
आलेल्या मापात शेकडा दीड वाढवायचं,
कारण थंड होताना धातू अंग चोरतो.

झाला तेव्हा
हातावर काही ठेवलंय असं वाटेचना.

वरून पातळ पुट्टीचा हात. दोन दिवस सावलीत.
कन्हानची वाळू कढईत भाजली
ओल जाईपर्यंत, रव्यासारखी.
बादलीत तुकडा, भोवती वाळू,
आणि बादलीला लाटण्यानं ठोकत राहायचं,
खाचाखाचांत वाळू बसेपर्यंत.
शेवटी वर दिसतं थर्माकोलचं फक्त एक बोट.

पहिल्यांदा मी घाबरलो.
पिस्टन वितळले होते, मळी काढली होती,
खाली आरसा लखलखत होता.
ओतायला लागलो तशी वाळूतून पिवळी जीभ उठली,
काजळीचे धागे उडाले,
आणि हात थांबला. एक क्षण.

त्या क्षणाचं ब्रॅकेट अजून फळीवर आहे.
अर्धं. तुटल्या कडेला गुळगुळीत,
जणू तेवढंच करायचं होतं.
थर्माकोल मात्र कुठेच नव्हता.
लाकडाचा साचा असता तर झटकून पुन्हा लावला असता;
इथे चुकलं की पहिल्यापासून कोरायचं.

कोरलं. या वेळी हेमराजनंही.
घड्याळं उघडणारी त्याची बोटं
माझ्यापेक्षा बारीक चालतात.
तरी एका कोपऱ्यात नख रुतलं.
"पुट्टी भरू?"
"राहू दे नं."

दुसऱ्यांदा वारा त्याच्याकडे, मूस माझ्याकडे.
"थांबू नोको," तो म्हणाला,
"कायी झालं तरी थांबू नोको,"
आणि हे मी आधी ऐकलेलं होतं:
उड्डाणपुलाच्या चढावर, सकाळी,
तो स्वतःशीच पुटपुटत असतो.

जीभ आली. धूर आला. मी ओतत राहिलो.
धातू आत कुठे गेला ते दिसत नाही.
एवढंच कळतं की खाली कोणी जागा सोडतंय
आणि त्याच वेगानं कोणी ती घेतंय.

पाऊण तास. सुलभानं तर्री-पोहे आणले,
ते कोणी धड खाल्ले नाहीत.
बादली उलथली. वाळू अजून कढत.
पुट्टीची टरफलं ठोकून काढली
तर अंगभर साबुदाणा:
थर्माकोलचा दाणा न दाणा धातूत,
आणि कोपऱ्यात ते नख.

हेमराजनं नखावर नख ठेवून पाहिलं.
केसभर लहान भरलं.
"चोरलं अंग," तो म्हणाला.

भोकं पाडली, बोल्ट कसले, तो गेला.
गल्लीच्या वळणापर्यंत साखळीचा आवाज,
मग कूलरवरच्या पोत्याची फडफड.
मी वाळू चाळायला बसलो.
दोन दिवस तिला वास राहतो.