वाफा क्रमांक सतरा

मी आणलेली पाकिटं बावीस.
प्रत्येकावर आकडे: संकर, पिढी, वर्ष.
ठकूबाई केदारी म्हणाल्या,
"यास्नी नावं न्हाईत? मग हाक कशी मारायची?"

पवन मावळात त्यांचं हे सगळ्यात खालचं खाचर.
वरच्या पाच खाचरांचं पाणी इथं येऊन बसतं,
आणि श्रावणात पावसानं पाठ फिरवली
की हेच आधी भेगाळतं, का कोण जाणे.
पुण्याच्या कार्यालयात अशा जमिनीला
दीड ओळीचं नाव आहे.
त्या म्हणतात, बुडकी.

पहिल्या साली सहा वाण कुजले.
दुसऱ्या साली तीन पोटरीतच वाळले,
एक रानडुकरांनी निवडला.
मी वहीत लिहिलं, पसंती: डुक्कर.
साहेबांनी ते लाल शाईनं खोडलं.

आज बायका आल्यात मत द्यायला.
वाफ्यापुढे एकेक रिकामा डबा,
प्रत्येकीच्या मुठीत पाच चिंचोके.
माझा लाडका नऊ नंबर. आखूड, ताठ,
लोंबीत दोनशे चाळीस दाणे,
कंदिलाशी बसून मोजलेले.
त्याच्या डब्यात दोन चिंचोके.
त्यातला एक, नंतर कळलं, माझी कीव येऊन टाकलेला.

सतराच्या डब्यात हात जाईना.
सतरा, जो मी उन्हाळ्यातच वगळणार होतो:
उंच, थोडा कलता, उतारा मध्यम.
ठकूबाईंनी लोंबी मुठीतून ओढून दाखवली.
"दाणा सोडत न्हाई. दिवाळीत झोडपलं तरी.
अन् पेंढा बघ केवढा. म्हशीला काय तुझे आकडे घालू?"
माझ्या तक्त्यात म्हशीला रकाना नव्हता.

मग हळूच, पोरासारखं चोरी सांगत:
"गेल्या साली बियाण्यातलं पावशेर शिजवलं.
रातचा भात सकाळी बी मऊ.
उरलेलं वाटलं. सात घरी पेरलंय."
वाणाला मान्यता मिळायला अजून चार वर्षं.
मी बांधावरून मोजू लागलो:
पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, देवळामागं,
तोच कलता पिवळा रंग.

"आता हाक कशी मारता?" मी विचारलं.
"ठेवलंय नाव. तुला सांगितलं तर
पाकिटावर लिहिशील."

पुण्याच्या एसटीत मांडीवर पुरचुंडी,
जुन्या लुगड्याच्या फडक्यात.
वर काहीच लिहिलेलं नाही.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
मी म्हणालो, भात.