जलचिन्ह

चेहेडीच्या बंधाऱ्याखाली, गुडघाभर पाण्यात,
तुळशीराम कहार म्हणाला, दगड उचलायचा नाही,
दगडाला विचारायचं.
आणि विचारायचं म्हणजे काय, तर
नुसतं वाकून उभं राहायचं,
आपली सावली पाण्यावर जुनी होईपर्यंत.

मग निघाली. मुरी.
करंगळीच्या दीड पेराएवढी, गाळाच्या रंगाची,
अंगावर पट्टे, कुणी काजळाची बोटं
पुसली असावीत तसे.
अशा सहा आणल्या बरणीतून,
रिक्षात मांडीवर धरून, जेलरोडपर्यंत.

मासेवाला दुकानदार म्हणाला, "काका, हिला घेणार कोण?
रंग नाही, शेपूट नाही, दिवसभर दगडाखाली."
म्हटलं, विकायचीय कुणाला.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले,
दोषाशिवाय दुसरं काही शोधलं नाही.
आता दुसरं काही शोधून बघतो.

पहिलं वर्ष पाण्यात गेलं.
म्हणजे खरंच पाण्यात:
नळाचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये निजवायचं,
बदामाची वाळकी पानं टाकायची,
कोऱ्या चहाचा रंग आला की थांबायचं.
थांबायचं हे वहीत वेगळं लिहायला लागलो पुढं पुढं.

दुसऱ्या वर्षी अंडी दिली,
आणि उजाडेपर्यंत आईबापांनीच खाल्ली.
वहीत: "अंडी सुमारे चाळीस. उरली शून्य.
चूक माझी. त्यांना भूक होती."
तिसऱ्या वर्षी बुरशी, पिंजल्या कापसासारखी.
निळ्या औषधानं नखं महिनाभर निळी.
हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो तर
बाई सहीकडे बघेचना.

मंदा म्हणते, आपल्या घरात माठ दोन,
एक माणसांचा, एक मुरीचा.
खरंय. वैशाखात मुरीचा आधी भरतो.
पहाटे एक तांब्या गार पाणी, चाळणीतून,
धार लागू द्यायची नाही.
तिच्या उरल्या हिरव्या लोकरीचा झुपका करून
कोपऱ्यात बुडवला, अंडी अडकायला.
"नातवाचं टोपडं होणार होतं त्याचं," म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी
आणखी एक गुंडा टाकीवर ठेवून गेली.

एका रात्री लाईट गेली ती चार तास.
सायकलच्या पंपाला नळी लावून हवा दिली,
शंभर झाले की दम, परत शंभर.
बंडलं बांधतात तसं.

चौथं वर्ष, अक्षय तृतीयेची आदली रात्र.
पावणेतीनला काचेला नाक लावून बसलो.
काही नाही. पाणी.
मग बॅटरी टाकीच्या मागे धरली,
ताव धरायचो तसं, उजेड आरपार,
आणि पाण्यात दिसलं:
दोन ठिपके, मागे केसाएवढी रेघ,
उजेड सरकला की नाही,
उजेड आला की आहे.
हात आपोआप खिशाकडे गेला, भिंगासाठी.
भिंग कधीच जमा केलंय ऑफिसात.

मोजली. तेवीस. परत मोजली, एकोणीस.
रविवारी अकरा.
आता सात, कोबी कुजवलेल्या पाण्यावर वाढलेली,
आणि सातांनाही पट्टे फुटताहेत,
एकाचे वाकडे.

तुळशीराम बघायला आला. चहा निवला त्याचा.
बराच वेळ वाकून उभा राहिला, मग म्हणाला,
"बंधाऱ्याखाली पानवेली नि नाल्याचं काळं.
दगड दिसत नाही. माझं जाळं
पोरांनी गच्चीवर क्रिकेटला बांधलंय."
मी विचारणार होतो, मग वर नेऊन सोडू का,
धरणाच्या पलीकडं, जिथं अजून खडक आहे.
विचारलं नाही. त्याच्याकडे उत्तर असतं तर
न विचारता बोलला असता.
दोघं नुसते मोजत राहिलो.
त्याच्या मोजणीत आठ आली.
मी वहीत सात लिहिली,
पेन्सिलीनं.