चुटकी

पहाटे साडेचारला गंगावेशीत
पहिली जांभई कुत्र्याची.
दूधकट्ट्याच्या कोपऱ्यावर पुढचे पाय ताणून,
जीभ पळीसारखी वळवून,
शेवटाला बारीक कुईं.

तिथनं ती तालमीच्या पोराकडं आली,
लंगोट खांद्यावर वाळत टाकल्यागत,
मग रिक्षात पेंगणाऱ्या माणसाकडं,
मग माझ्याकडं.
हात धारेत होते,
तोंडापुढं चुटकी वाजवायची राहिली.

आई असती तर तिनं वाजवली असती.
उघड्या तोंडातनं जीव भाईर पळतो म्हणायची,
चुटकी म्हणजे कडी.

पोरगी सातवीत. तिला पटत नाही.
डोकं तापलं की गार हवेला
खिडकी उघडती म्हणती, बाबा.
साप देतो, मासा देतो,
पोटातलं बाळबी देतं.
म्हटलं, त्याचं गं कशानं तापलं?
तर म्हणाली, अजून शोधायलेत.

म्हैस देती का, ते कुणी सांगत नाही.
वीस वर्षं धारा काढल्या, मी तरी बघितली नाही.
ती रवंथ करती
आणि आमच्या तोंडांकडं बघती,
उगाच उघडत्यात नि मिटत्यात कशी.

रस्त्यापल्याड सातलिंगच्या दोन म्हशी.
थोरला भाऊ माझा.
गोठ्याच्या दीड गुंठ्यावरनं
कसबा बावड्याच्या कोर्टात चौथं वरीस.
त्यानं हाक मारायची नाही, मी ओ द्यायची नाही.
सुट्टे पैसेसुद्धा
पानटपरीवाल्याच्या हातनं फिरतात.

आज माझ्या तोंडातनं निघालेली
रस्ता ओलांडून गेली.
चरवी विसळत होता. वर बघितलं,
आणि अख्खा जबडा उघडला त्याचा
डोळ्यात पाणी येईस्तोवर.
खांबावरच्या दिव्यात
मागच्या दाढेची जागा रिकामी दिसली.
मला माहीत नव्हतं ती पडल्याली.

मग परत माझी पाळी. दात आवळले, तरी नाकातनं आली.

पोरगी म्हणती, ओळखीच्याची लवकर लागती,
रक्ताच्याची त्याहून.
हे वकिलाला सांगावं तर
तो कुठल्या कागदावर मांडणार?

पेल्यात फेस काठाला आला.
गिऱ्हाईक उभं. द्या की वो, म्हणालं.
सातलिंगनं तोंड मिटलं, मान फिरवली,
म्हशीच्या पाठीआड गेला.
तिकडनं एकच आवाज आला
चुटकीचा.
त्याच्या तोंडापुढं वाजवली, का माझ्या,
काय दिसलं नाही.